चादरीखालची खुर्ची

बॅटरीकाकांनी आयुष्यात किती सिनेमे पाहिले याची मोजदाद नाही. पण त्यांतला एकही त्यांनी बसून पाहिला नव्हता, आणि एकाचाही शेवट पाहिला नव्हता. ही गोष्ट ते स्वतःहून कुणाला सांगत नसत. सांगितली की लोक आधी हसत आणि मग कीव करत, आणि काकांना दोन्हीचा सारखाच राग यायचा.

काका शहरातल्या एकुलत्या एका टॉकीजच्या बाल्कनीचे डोअरकीपर. दारात तिकीट फाडून अर्धं परत द्यायचं, उशिरा येणाऱ्याला बॅटरीच्या उजेडात खुर्ची दाखवायची, पुढच्या खुर्चीवर तंगड्या टाकणाऱ्याच्या थेट तंगड्यांवर उजेड मारायचा आणि कोपऱ्यातल्या जोडप्यांवर चुकूनही मारायचा नाही, एवढं त्यांचं काम. या शेवटच्या सभ्यपणामुळे शहरातल्या बऱ्याच लग्नांचं आमंत्रण त्यांना अगत्यानं यायचं. काम उभ्याचं होतं आणि ते एका परीनं बरंच होतं, कारण काका कुठंही टेकले की त्यांना झोप लागायची. न्हाव्याच्या खुर्चीत लागायची, बसमध्ये उतरायचा थांबा मागं पडेपर्यंत लागायची. एकदा तर दातांच्या डॉक्टरसमोर, तोंड उघडं असताना लागली, आणि दात निघाला तरी जाग आली नाही. असं काकू सांगायच्या. काकूंच्या सांगण्यात थोडा मीठमसाला असायचा, हेही खरं.

शेवट न पाहण्याचं कारणही कामातलंच. पुढच्या खेळाची गर्दी खाली दाटलेली असायची, म्हणून सिनेमा संपायच्या थोडं आधीच बाहेरच्या दारांच्या कड्या काढून दारं सताड उघडायची, असा टॉकीजचा नियम होता. त्या कड्या गंजलेल्या. एकेक काढताना काकांच्या नाकी नऊ यायचे. त्यामुळे पडद्यावर कुणाच्या तरी जन्माचा फैसला चाललेला असे तेव्हा काकांची त्याच्याकडे पाठ असे आणि ते कडीशी झोंबत असत. दार उघडलं की उजेडाचा लोट आत यायचा, पडदा फिका पडायचा आणि अर्धी बाल्कनी ओरडायची, "अरे, दार लाव! अक्कल आहे का नाही?" काका मनात म्हणायचे, एवढा वेळ पाहिलंत, आता शेवटच्या घटकेला न पाहून काय आभाळ कोसळणार आहे?

काकू घरी शिवणकाम करायच्या. हात चालवायच्या आणि जीभही. नवरा टॉकीजमध्ये म्हटल्यावर मैत्रिणी म्हणायच्या, तुझी काय बाई चैन आहे! कसली आलीय चैन. नवरा बॅटरी दाखवत खुर्चीपर्यंत सोडायचा, "सांभाळून, पायरी आहे," असं परक्या बाईला म्हणावं तसं म्हणायचा आणि दाराशी जाऊन उभा राहायचा. शेजारच्या खुर्चीत कायम कुणीतरी अनोळखी माणूस शेंगा सोलत बसलेला. रडू आलं तर रुमाल मागायची सोय नाही, हसू आलं तर कोपर मारायची सोय नाही.

"एकदा शेजारी बसा," काकू म्हणायच्या. "नावांच्या पाट्या पडायच्या आधीपासून ते दिवे लागेपर्यंत. बाकी मला काही नको."

"रिटायर झालो की पहिलं तेच," काका म्हणायचे. "बाल्कनीची दोन तिकिटं. पैसे मोजून काढीन, फुकट नाही."

काकूंनी हा शब्द मनात घट्ट धरून ठेवला होता. काकांनीही. नवराबायकोत बोलायला दुसरं काही उरलं नाही की ते दोघं त्या दोन तिकिटांवर यायचे. कुठल्या रांगेची काढायची, यावर त्यांची भांडणंसुद्धा झालेली होती.

आता टॉकीजविषयी. आज तिच्या दारावर पितळी पाटी आहे आणि पाटीवर बरंच काही आहे, पण खरी हकिगत एवढीच की ते मुळात धान्याचं गोदाम होतं. ओल आणि उंदीर यांनी मिळून धंद्याची वाट लावल्यावर थोरल्या मालकांनी गोदामाला पुढून चार जाडजूड खांब चिकटवले, आत पडदा टांगला आणि माळ्याची बाल्कनी केली. त्या खांबांवर कशाचाही भार नव्हता. पुढून राजवाडा, मागून पत्र्याची शेड, असा सगळा कारभार. पाऊस आला की पत्र्यावर इतका गोंगाट व्हायचा की पिटातली मंडळी पाठ असलेले संवाद स्वतःच म्हणून दाखवायची. पण शहरात दुसरं होतं काय? रोज संध्याकाळी लोक तिथं रांगा लावायचे, भांडायचे, कॉलर फाडून घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी परत यायचे. थोरले मालक लग्नाच्या भानगडीत कधी पडले नाहीत. बाईमाणूस समोर आलं की त्यांना ठसका लागायचा. ही बारीकशी गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढं सगळं तिच्यावरच उभं राहणार आहे.

बाल्कनीत शेवटच्या रांगेत, दाराजवळच्या कोपऱ्यात एक खुर्ची होती. एका वजनदार व्यापाऱ्यानं तिच्यात बसून एक लांबलचक कौटुंबिक सिनेमा पाहिला आणि तिची स्प्रिंग वर आली. नंतर जो बसेल त्याला ती टोचायची. मॅनेजरला सांगितलं तर तो म्हणाला, "एवढ्या एका खुर्चीसाठी माणूस कुठं बोलावू? चालवून घ्या." काकांनी चालवून घेतलं. मग एका फौजदारसाहेबांची पँट नको त्या जागी फाटली आणि त्यांनी काकांना सगळ्या बाल्कनीदेखत झापलं. त्या दिवशी काकांनी घरून एक पांढरी चादर आणली आणि खुर्चीवर नीट पसरून टाकली. झाकली मूठ सव्वा लाखाची.

चादर दिसली की लोक विचारू लागले, ही जागा कुणाची? "राखीव आहे." कुणासाठी राखीव? हाउसफुल्लच्या बोर्डाखाली हुज्जत घालणाऱ्या एका माणसानं हे फारच लावून धरलं तेव्हा काका वैतागून बोलून गेले, "जिच्यासाठी ही टॉकीज बांधली तिच्यासाठी!"

उचलली जीभ लावली टाळ्याला. पण त्या माणसाचा चेहरा एकदम उतरला. त्यानं चादरीकडं पाहिलं, आवाज खाली आणला आणि तो मुकाट्यानं पायरीवर जाऊन बसला. पराचा कावळा करायला शहराला वेळ लागत नाही, आणि खोडून काढायला थोरले मालक तेव्हा हयात नव्हते. महिन्याभरात थोरल्या मालकांना तरुणपणी वारलेली एक बायको मिळाली, ती गोरीपान होती असं ठरलं, तिला सिनेमाचा नाद होता असंही ठरलं, आणि तिच्या आठवणीत मालकांनी टॉकीज उभारून ही खुर्ची कायमची रिकामी ठेवली, इथपर्यंत गोष्ट आली. काकांनी यातलं एक अक्षरही सांगितलं नव्हतं, आणि एक अक्षर खोडलंही नाही. कारण त्यानंतर त्या खुर्चीत कुणी बसलं नाही आणि कुणाची पँट फाटली नाही.

चादर मळायची. ती काकू घरी नेऊन धुवायच्या. एकदा कोपरा फाटला तेव्हा त्यांनी बारीक रफू केलं. "मेलेल्या मालकीणबाईंची धुणी मी धुतेय," त्या म्हणायच्या. "जिवंत असत्या तर पगार तरी दिला असता."

मग घरोघरी टीव्ही आले, मग फोनवरच सिनेमे आले, आणि टॉकीजला उतरती कळा लागली. बाल्कनीत माणसांपेक्षा कबुतरं जास्त झाली. काका तरीही बॅटरी घेऊन उभे राहायचे. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. एका दुपारी ते कामावर गेले तर दाराला कुलूप होतं. रिटायर व्हायला अजून अवकाश होता, म्हणजे काका रिटायर झालेच नाहीत, टॉकीजच झाली. चादर आत राहिली आणि दोन तिकिटांचा शब्दही आतच राहिला. काका घरी आले, खुर्चीत बसले आणि झोपले. त्या दिवशी काकूंनी शिवणयंत्र बंद ठेवलं.

टॉकीज पुष्कळ वर्षं बंद पडून होती. थोरल्या मालकांच्या माघारी ती त्यांच्या पुतण्याकडं गेलेली, आणि आता पुतण्याचा मुलगा, म्हणजे धाकटा मालक, कारभार बघत होता. ती पाडून दुकानांची इमारत बांधायचं त्यानं ठरवलं. त्यात त्याचं चूक काय म्हणावं? भाडं न देणाऱ्या कबुतरांना कुणी किती दिवस पोसायचं?

आणि तेव्हा शहराला टॉकीजचं प्रेम आलं. ज्यांनी वर्षानुवर्षं तिकीट काढलं नव्हतं ते सगळे फाटकापाशी जमले. डोळ्यांत पाणी काय, भाषणं काय, खांबांना मिठ्या मारून फोटो काय! काका गर्दीत मागं उभे होते. यांतला एकेक जण काकांना ओळखू येत होता. कुणी टीव्ही आधी घेतला आणि कुणी नंतर, तेसुद्धा ठाऊक होतं. पण त्यांना राग आला नाही. टॉकीज वाचली तर दोन तिकिटं वाचतात, एवढंच त्यांना दिसत होतं.

बचाव समिती झाली. इतिहास शिकवून निवृत्त झालेले सर तिचे अध्यक्ष झाले. नगरपालिकेनं सांगितलं की इमारत जपायची तर तिला काहीतरी महत्त्व असलं पाहिजे. गोदामाला कसलं आलंय महत्त्व? तेवढ्यात सरांच्या कानावर खुर्चीची गोष्ट गेली, आणि बुडत्याला काडीचा आधार मिळाला. सर काकांच्या घरी आले.

"काका, ती खुर्ची," सर म्हणाले. "तुम्ही तर सगळं डोळ्यांनी पाहिलंय."

"सर, खरं सांगायचं तर ती चादर मी..."

सरांनी हात वर केला. "थांबा. जे सांगणार आहात त्यानं टॉकीज वाचणार आहे का?"

काकांनी विचार केला. "नाही."

"मग सांगू नका. मला कळलं तर मला लिहावं लागेल." सरांनी चहा संपवला. "आणि एक. टॉकीज सुरू झाली की पहिल्या खेळाला तुम्ही दोघं बाल्कनीत. शेजारी शेजारी. माझा शब्द."

आतून शिवणयंत्राचा आवाज येत होता तो थांबला. काकांनी तोंड मिटलं ते मिटलंच.

धाकट्या मालकानं हरकत घेतली. "आमच्या घरात सगळे सांगतात, थोरल्यांचं लग्नच झालेलं नव्हतं. मग बायको आली कुठून?"

सर डगमगले नाहीत. "लग्न झालं असतं तर ती साधी बायको झाली असती," ते सभेत म्हणाले. "लग्नाची कुठंही नोंद नाही, यावरूनच प्रेम किती खोल होतं ते दिसतं." टाळ्या पडल्या. नगरपालिकेनं इमारत जपायच्या यादीत घातली. धाकटा मालक म्हणाला, "ठीक आहे. पण ती बाई खोटी निघाली, किंवा ती खुर्ची तिच्यासाठी राखलेली नाही असं दिसलं, की मी दुसऱ्या दिवशी कोर्टात. मग यादी काय न् समिती काय." तेव्हापासून सगळ्यांचं लक्ष त्या खुर्चीवर होतं.

डागडुजी झाली. भिंती रंगल्या, गोदामाच्या पत्र्याखाली छत आलं, गारवा देणारी यंत्रं बसली. दारं आता कळ दाबली की आपोआप उघडत होती, कड्या गेल्या. सगळ्या खुर्च्यांना नवी गादी मिळाली. फक्त ती एक मूळ स्थितीत ठेवायची असं समितीनं ठरवलं, त्यामुळे जिला सुताराची खरी गरज होती तेवढीच खुर्ची दुरुस्तीवाचून राहिली. पाहुण्यांना दाखवताना सर चादरीच्या कोपऱ्यावर बोट ठेवायचे. "हे पाहा, किती बारीक काम! हल्ली अशी कला राहिली नाही." काकूंनी हे ऐकलं तेव्हा त्या प्रथमच सरांविषयी बरं बोलल्या.

पहिला खेळ दुपारचा होता. समितीनं काकांना पितळी बटणांचा कोट शिवून दिला आणि हातात जुनी बॅटरी दिली. काकूंनी ठेवणीतले कपडे घातले, केस नीट बांधले, आणि निघताना आरशात एवढा वेळ पाहिलं की काकांना उगाच भीती वाटली. लग्नाच्या दिवशीही त्यांना इतकी धाकधूक नव्हती.

बाल्कनी गच्च भरलेली. काकांनी सरांना गाठलं. "सर, आमच्या दोन खुर्च्या?"

"अहो काका, काय सांगू!" सरांना घाम फुटला होता. "प्रमुख पाहुण्यांबरोबर माणसं भलतीच आली. पुढच्या खेळाला नक्की. आणि तुम्ही तर दारातच हवे ना? तुम्ही म्हणजे वातावरण आहात!"

"हे वातावरण," काकू म्हणाल्या, "मग मी कोण?"

सर तोवर पुढं गेलेले. भाषणं झाली, दिवे मंद झाले, पडदा उजळला. काका दाराशी उभे, काकू त्यांच्या शेजारी उभ्या. सगळा जन्म काकांना कधी उभं राहिल्याचं वाईट वाटलं नव्हतं. त्या दिवशी मात्र बायकोला आपल्यासारखंच भिंतीला टेकून उभं राहिलेलं पाहिलं आणि त्यांना असं वाटलं की ती बॅटरी उचलून पडद्यावर फेकावी.

"ती रिकामी आहे ना?" काकू हळूच म्हणाल्या.

"अगं, वेडी आहेस का? पुढच्याच रांगेत धाकटा मालक बसलाय. त्यानं पाहिलं तर सगळंच मुसळ केरात. उद्या टॉकीज राहायची नाही."

"चादर कुणाची?"

"तुझी."

"रफू कुणाचं?"

"तुझंच."

"मग खुर्ची कुणाची?"

ही टॉकीज राहावी असं त्यांना वाटत होतं ते कशासाठी, हे त्यांनी स्वतःला विचारून पाहिलं. खांबांसाठी तर नक्कीच नाही. त्यांनी बॅटरीवर पंजा धरला, बोटांच्या फटींतून पडेल तेवढा उजेड पायाशी पाडला आणि म्हणाले, "सांभाळून, पायरी आहे."

काकू चादर उचलून बसल्या आणि लगेच अर्ध्या उठल्या. "आई गं!"

"काय झालं?"

"तुमचा इतिहास टोचतोय मला."

त्या थोड्या सरकून, अंग चोरून बसल्या. काका खुर्चीला चिकटून उभे राहिले. समितीनं पहिल्या खेळाला लावलेला सिनेमा जुना होता, काकांच्या काळात कितीतरी आठवडे चाललेला. एक म्हातारा बाप घर सोडून गेलेल्या लेकीला शोधत फिरतो, अशी गोष्ट. काकूंना त्यात पहिल्यापासूनच रडू यायचं. या वेळी रडू आलं तेव्हा त्यांनी न बघता हात बाजूला केला आणि काकांच्या नव्या कोटाला डोळे पुसले. काकांना ते फार आवडलं.

पण ती नवी यंत्रं! बाल्कनीत हुडहुडी भरली. काकूंनी ती पांढरी चादर डोक्यावरून घेतली आणि अंगाभोवती लपेटून बसल्या. आणि मध्यंतराच्या थोडं आधी प्रमुख पाहुण्यांच्या पत्नी, मागं चहाचं कुणी दिसतंय का म्हणून वळल्या.

त्यांनी नवऱ्याला कोपर मारलं, नवऱ्यानं धाकट्या मालकाला. धाकटा मालक वळला. शेवटच्या रांगेत, त्या खुर्चीत, पांढऱ्याशुभ्र वस्त्रात एक म्हातारी बसली होती आणि तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं.

संपलं सगळं, काकांच्या मनात आलं. आणि डोअरकीपरला जे येतं तेवढंच त्यांनी केलं. बॅटरी उचलली आणि उजेड थेट धाकट्या मालकाच्या डोळ्यांवर मारला. दुसऱ्या हातानं काकूंना उठवलं, बाजूच्या दारानं जिन्यात काढलं आणि परत येऊन जागेवर उभे राहिले. तेवढ्यात मध्यंतराचे दिवे लागले.

खुर्ची रिकामी होती. चादर चुरगळून खाली पडलेली. धाकटा मालक सावकाश मागं आला. त्यानं खुर्चीच्या हातावर हात ठेवला, मग पाठीवर ठेवला.

"ऊब आहे," तो म्हणाला. सर शेजारी येऊन उभे राहिले होते. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. ही गोष्ट खरीही असू शकते, हे त्यांच्या पहिल्यांदाच ध्यानात आलं असावं.

"काका," धाकटा मालक म्हणाला, "इथं कोण बसलं होतं?"

काका थकले होते. आता लपवण्यात अर्थ नाही, असं त्यांना वाटलं. "माझी बायको बसली होती," ते म्हणाले. "बाहेर जिन्यात आहे. बोलावू?"

धाकट्या मालकानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "काका, माझी समजूत घालू नका. मी लहान आहे का आता? मी या डोळ्यांनी पाहिलंय. आणि तो उजेड! तिच्या अंगातून कसा आला!" त्यानं खाली पडलेली चादर उचलून खुर्चीवर पसरली. "आमच्या थोरल्यांचं कुणीतरी होतं म्हणायचं. आणि आम्ही सगळे त्यांना ठसक्यावरून हसायचो."

त्यानं कोर्टाचं नाव पुन्हा काढलं नाही. इतकंच नव्हे, दुसऱ्या दिवशी समितीसमोर त्यानं आपण होऊन सांगितलं, की ती एकटी बसते हे बरं दिसत नाही. शेजारची खुर्चीही कायमची राखून ठेवा, थोरल्यांसाठी. सरांनी अनुमोदन दिलं. दोन्ही खुर्च्यांपुढं मखमली दोरी आली. त्यांच्या आसपास कुणालाही फिरकू द्यायचं नाही, ही जबाबदारी एकट्या बॅटरीकाकांवर सोपवण्यात आली. रोज झाडलोट करायला त्यांच्या घरून काकू आल्या तर चालेल, असंही ठरलं.

पुढच्या आठवड्यात दिवे मंद झाल्यावर काकांनी दोरी सोडली, काकूंना आत सोडलं, दोरी परत लावली आणि कितीतरी वर्षांनी दिलेला शब्द पाळायला ते बायकोच्या शेजारी, थोरल्यांच्या नव्या मऊ गादीवर टेकले. पडद्यावरच्या पाट्या संपायच्या आत ते घोरत होते.

काकूंनी सगळा सिनेमा एकटीनं पाहिला. घरी आल्यावर त्या रागावल्या नाहीत, आणि काकांना तेच जास्त लागलं. पुढच्या वेळी त्यांनी चहा जास्त घेतला, डोळ्यांना पाणी लावलं, स्वतःला चिमटे काढले. काही उपयोग झाला नाही. त्याच्या पुढच्या वेळी काकू दोरीपाशीच थांबल्या.

"मी मऊवर बसते," त्या म्हणाल्या. "तुम्ही इकडं बसा."

"अगं, ती टोचते."

"म्हणूनच."

काका चादरीवर बसले. स्प्रिंगनं त्यांना जागच्या जागी ओळख दिली. तरी पाट्या संपता संपता त्यांची मान कलली, आणि मान कलली तशी बैठक सरकली, आणि बैठक सरकली तशी स्प्रिंग बोचली. काका ताठ झाले. दर थोड्या वेळानं हे असंच. फौजदारसाहेबांची आठवण काढत, ओठ चावत, काका जागे राहिले. तो लेकीला शोधणाऱ्या म्हाताऱ्याचाच सिनेमा होता. काकूंनी ठरलेल्या जागी रुमाल मागितला, ठरलेल्या जागी कोपर मारलं.

शेवट जवळ आला. म्हातारा एका गल्लीत शिरला आणि एका घरापुढं येऊन उभा राहिला. त्यानं दार वाजवलं. हे सगळं काकांना कानांनी पाठ होतं. याच ठोक्यांना ते कडीला हात घालायचे. त्यांचे पाय आपोआप उठले.

काकूंनी त्यांच्या कोटाची बाही धरून खाली ओढलं. "कुठं निघालात? दारं आता आपोआप उघडतात. बसा."

काका बसले. स्प्रिंग टोचली ती त्यांना कळलीही नाही. पडद्यावर म्हातारा वाट पाहत होता. इतकी वर्षं लोक रडत बाहेर पडताना बघून काकांनी धरूनच ठेवलं होतं की लेक काही दार उघडत नसणार. म्हाताऱ्यानं पुन्हा वाजवलं. मग वळून जायला निघाला. आणि मागं आवाज झाला, दार उघडलं, लेक उंबऱ्यावर आली आणि त्याच्या गळ्यात पडली.

काकांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. याच घटकेला आपण किती वर्षं, किती लोकांच्या तोंडावर उजेडाचा लोट सोडला, हे त्यांच्या ध्यानात आलं आणि सगळ्या शिव्या त्यांना रास्त वाटल्या.

"उघडलं की गं तिनं!" ते म्हणाले.

"दरवेळी उघडते," काकू म्हणाल्या. "तुमचीच पाठ असायची."